मधल्या सेलाचं भांडण

भाऊजी, तुमचं एकही धोतर दान देण्याजोगं निघालं नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी तुमची पेटी उघडली. वरचं धोतर उलगडून उजेडात धरलं, तर त्यातून समोरची खिडकी दिसली. दुसरं धरलं, त्यातून खिडकी दिसली आणि खिडकीत बसलेली चिमणीही दिसली. तेजाबाचा थेंब उडाला की लगेच काही कळत नाही, कपडा धुतला की तिथे भोक पडतं, हे मी तुम्हाला किती वर्षं सांगत होते. दुकानात बसताना माझं एखादं जुनं लुगडं कमरेला गुंडाळत जा, म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "लुगडं गुंडाळून बसलो तं गिऱ्हाईक बॅटरी सोडून मलेच पाहत बसन." शेवटी तुमच्या दादांनी बाजारातून नवं धोतर आणलं आणि ते दान दिलं. देता देता पुटपुटले, "इतकी वर्षं हा नारायण नेसत तरी काय होता?" मला हसू आलं. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, तर तिथे पापडखाराचा डबा उघडा आणि रिकामा. तुम्हीच रिकामा केलेला. तेव्हा हसू आपोआप थांबलं.

तुमच्याबद्दल चांगलं बोलणारी पुष्कळ माणसं या दिवसांत येऊन गेली. देवमाणूस होता, कुणाशी कधी वाकडं बोलला नाही, असं म्हणाली. त्यांनी तुम्हाला दुपारी दोन वाजता, बॅटऱ्या भरायच्या डायनमोचा पट्टा सुटलेला असताना पाहिलेलं नाही. मी ते काही लिहीत बसणार नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. त्याचा निकाल लागला आहे आणि तो तुम्हाला कळवायला हवा, एवढ्यासाठी लिहिते. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. पण हे आणखीही कुणी वाचेल, त्यांना ठाऊक नसेल, म्हणून जरा धीर धरा. तो तुम्हाला कधी जमला नाही, पण आता इलाज नाही.

नागपुरात सक्करदऱ्याच्या रस्त्यावर आपलं घर. घराची पुढची खोली म्हणजे तुमचं दुकान. मोटारींच्या बॅटऱ्या तपासायच्या, भरायच्या, दुरुस्त करायच्या. तुमचे दादा कचेरीत कारकून. त्यांना त्या खोलीतला वाससुद्धा सहन होत नसे. लढाई सुरू झाल्यावर नवी बॅटरी कुठे मिळेनाशी झाली, आणि जी आहे तीच टिकवायची म्हणून उमरेडच्या, भंडाऱ्याच्या मोटारी तुमच्या दाराशी थांबू लागल्या. आता तुम्ही नाहीत म्हटल्यावर तुमचे दादा म्हणू लागले, "खोली धान्यवाल्याला भाड्यानं देऊन टाकू. दुकान चालवणार कोण?" मी समोरच उभी होते. पण त्यांच्या नजरेला त्या खोलीत कुणी दिसलं नाही.

मी त्या खोलीत पहिल्यांदा शिरले ती पापडखाराचा डबा परत आणायला. उन्हाळी वाळवणाचे दिवस, उडदाचं पीठ भिजवायचं, आणि डबा जागेवर नाही. पाहते तर तुम्ही माझा पापडखार पाण्यात कालवून बॅटरीच्या डोक्यावर ओतताय आणि सगळीकडे फसफस फेस.

"हे काय चाललंय भाऊजी?"

"तेजाब मारून राहिलो. वरून सांडलेलं तेजाब असं खारानं मरते, वहिनी. मंग पुसून घेतलं की बॅटरीचं अंग कोरडं."

"आणि ती तीन भोकं उघडी ठेवलीत, त्यातून खार आत गेला म्हणजे आतलंही मरेल की. आधी झाकणं लावा."

तुम्ही भोकांकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, झाकणं लावलीत आणि पाट सरकवलात. "बसा," म्हणालात. त्या दिवशी पापड राहून गेले. पुढे रोज दुपारची झाकपाक झाली की मी त्या पाटावर असे. सासूबाई म्हणायच्या, ही दिराला चहा द्यायला गेली की चहा थंड होऊन परत येतो.

तुमच्याकडून शिकले ते असं. बॅटरी वापरून जेवढी मरते त्याहून जास्त दुर्लक्षानं मरते. पाणी आटलं आणि आतल्या शिशाच्या प्लेटी उघड्या पडल्या की गेली. पाणी घालायचं ते डिस्टिलच. विहिरीचं नाही, नळाचं नाही. पाणी कमी झालं तर पाणीच घालायचं, वरून तेजाब ओतायचं नाही. रिकामी बॅटरी तशीच पडू द्यायची नाही. आणि उन्हाळ्यात तेजाब नरम, म्हणजे जास्त पाण्याचं, ठेवायचं, नाहीतर नागपूरचं ऊन आणि कडक तेजाब दोघं मिळून प्लेटी खातात. डायव्हर लोकांना कडक हवं असायचं. तुम्ही द्यायचा नाहीत. वैशाखात घरातल्या माणसांना वाळ्याचा पडदा नव्हता, तुमच्या बॅटऱ्यांना होता. मी त्यावरून बोलले, तर म्हणालात, "माणूस घामानं थंड होते वहिनी. तिले घाम येत नाही." तो पडदा भिजवायचं काम माझ्याकडे होतं हेही इथे नमूद करते.

आणि तुमचा तो हायड्रोमीटर. काचेची नळी, वर रबराचा फुगा, आत तरंगणारा काटा. फुगा दाबून सोडला की सेलातलं, म्हणजे बॅटरीच्या तीन कप्प्यांपैकी एकातलं, तेजाब नळीत चढतं आणि काटा किती वर तरंगला त्यावरून सेल किती भरला ते समजतं; आपल्या नरम तेजाबात बाराशे चाळीस म्हणजे पुरता भरलेला. आपलं भांडण झालं की तुम्ही बोलणं सोडून नळी भरायचात, माझ्या नाकासमोर धरायचात आणि म्हणायचात, "बोला आता." तो काटा बहुतेक वेळा तुमच्या बाजूनं असायचा. बहुतेक वेळा, नेहमी नाही.

कुंकवाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. एका वर्षी मी दुकानातल्या बॅटऱ्यांनाही हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. संध्याकाळी सासूबाई ओरडल्या. एका बॅटरीवरचं कुंकू पिवळं पडलं होतं. त्यांच्या लेखी तो मोठा अपशकुन. तुम्ही धावत आलात, खाली वाकून पाहिलंत आणि एकदम "वा!" म्हणालात. सासूबाईंना वाटलं, पोरगा कामातून गेला. घरचं कुंकू हळदीला खार देऊन केलेलं. तेजाब लागलं की ते पुन्हा हळदीवर जातं. म्हणजे जिथे कुंकू पिवळं, तिथे तेजाब पाझरतंय. डोळ्यांना न दिसणारी ओल कुंकवाला दिसते. बॅटरीच्या डोक्यावर अशी ओल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली की त्या ओलीतून करंट वाहून बॅटरी उभ्या उभ्या रिकामी होते, आणि डायव्हर म्हणतो, मी तर हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझा करंडा गायब. तो मला दुकानात सापडला. आपण त्यावरून भांडलो. मग तुम्ही बाजारचं कुंकू आणलंत, ते रंगाचं निघालं, तेजाबात लालच राहिलं. पुन्हा भांडलो. शेवटी मी तुमच्यासाठी घरचं कुंकू वेगळ्या बरणीत करून दिलं. बरणीवर काही लिहिलं नव्हतं. तुमचे दादा एकदा ते देवाला वाहून आले आणि आपण दोघांनी त्यांना काही सांगितलं नाही.

आता मुद्द्यावर येते.

गणपतची उमरेडची मोटार. स्वतःची मोटार, स्वतःच चालवतो, तिच्यावर त्याचं घर चालतं. गेल्या दसऱ्याला तो बॅटरी घेऊन आपल्याच ओट्यावर पूजा करत बसला होता. तुम्ही आतून बाहेर आलात आणि जागीच थांबलात.

"काय ओतून राहिला गा त्याच्यात?"

"तीर्थ हाये भाऊ. रामटेकहून आणलं."

"तीर्थ माणसाले देत असतेत! बॅटरीले काहून पाजून राहिला?"

"नवी तं भेटत नाही. म्हटलं, हिचंच आयुष्य वाढू दे."

"अन् आणलं कशात? तांब्याच्या गडव्यात?"

"मंग काय भाऊ, तीर्थ बाटलीत आणू?"

तुम्ही कपाळावर हात मारलात. तांब्याचा अंश बॅटरीत गेला तर आतल्या आत ती पोखरते, हे त्याला समजावता समजावता तुमचा आवाज इतका चढला की रस्त्यावरचा टांगेवाला थांबून ऐकू लागला. गणपत शांतपणे म्हणाला, "रामटेकच्या देवानं कोणाचं वाईट केल्याचं मी तं नाही ऐकलं जी." तुम्ही त्याच्या हातातला गडवा काढून घेतलात. मग आपण तिघांनी मिळून तीर्थ पडलेला मधला सेल उपसला, डिस्टिल पाण्यानं धुतला, नवं तेजाब भरलं.

आणि तरीही मधला सेल बसत गेला. भरून दिला की थोडे दिवस बरा, मग पुन्हा काटा खाली. दोन बाजूंचे सेल ठणठणीत, मधला मलूल. तुम्ही म्हणालात, तीर्थातल्या तांब्यानं त्याला मारलं, आता तो मेलेलाच आहे. मी म्हणाले, पळीभर पाण्यानं एवढं होत नाही. तो उपाशी आहे. त्याला सावकाश, अगदी थोड्या करंटवर, पुष्कळ वेळ भरा. तुम्ही म्हणालात, मेलेल्याला जेवू घालणं म्हणजे विजेची नासाडी. मी म्हणाले, जिवंत असेल तर? सबंध हिवाळा आपण त्या मधल्या सेलावरून भांडलो. तुमचे दादा एकदा जेवताना म्हणाले, "कोण हा मधला? आपल्या नात्यातला का?"

मग तुम्हीच अंथरूण धरलंत. ताप उतरेना, खोकला थांबेना, वैद्य रोज मान हलवायचे. तशातही तुम्ही मधूनच डोळे उघडून विचारायचात, "पाणी देलं काय?" मंडळी तुमच्या तोंडाला भांडं लावायची. तुम्ही चिडून भांडं ढकलायचात आणि माझ्याकडे पाहायचात. मी म्हणायची, "दिलं. सगळ्यांना दिलं. उमरेडवाल्याच्या मधल्याला जरा जास्त लागलं." मग तुम्ही डोळे मिटायचात. पाहुण्यांना वाटे, वातात बोलतोय आणि ही बाईही त्याच्या होला हो करतेय.

आपलं शेवटचं बोलणं त्याच मधल्यावरून झालं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तोडा त्याले. शिसं तरी हाती लागन."

"मी नाही तोडत. तुम्ही उठा आणि तुमच्या हातानं तोडा."

"लय हट्टी हाय तुम्ही."

"तुमच्याच दुकानात शिकले."

तुम्ही हसलात, हसताना खोकला आला, आणि बोलणं तिथेच राहिलं. त्यानंतर तुम्ही उठला नाहीत. तुम्हाला त्या दिवशी आणखी काही बोलायचं होतं का, ते मला माहीत नाही. मला होतं. पण ते बॅटरीबद्दल नव्हतं आणि बॅटरीखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तुमच्याशी बोलायचा मला सराव नव्हता.

सुतकात दुकान बंद. तिसऱ्या दिवशी मी कडी काढून आत गेले. तुमचे दादा मागून आले. "अगं, सुतक आहे."

"आपल्याला आहे. बॅटऱ्यांना नाही. फाल्गुनाचं ऊन पडायला लागलंय, पाणी आटतंय. दहा दिवसांनी प्लेटी उघड्या पडल्या की लोकांना काय सांगू, आमच्याकडे सुतक होतं म्हणून तुमची बॅटरी मेली?"

थोड्या वेळानं दारात उभे राहून त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. आत मात्र आले नाहीत. सगळ्यांना पाणी दिलं, भाऊजी. उमरेडवाल्याच्या मधल्याला पुन्हा जरा जास्त लागलं. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. डोकं ठिकाणावर नसावं.

तेरावं झालं आणि गणपत आला. ओट्यावर बसला, तुमच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं, डोळे पुसले. मग म्हणाला, "वहिनीबाई, मोटार उभी हाये. हँडल मारून मारून खांदा निखळून राहिला. रात्री दिवा लागत नाही. तुम्ही म्हणाल तं घेऊन जातो बॅटरी, कुठंतरी मोडीत देतो."

तुमचे दादा आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "देऊन टाक. नारायणानंही तेच सांगितलं होतं. आणि उद्या धान्यवाला खोली पाहायला येतोय."

मी म्हटलं, "एकदा मला पाहू द्या."

"काय पाहणार? त्यानं सबंध हिवाळा पाहिली."

"मीही पाहिली. पाटावर मीही बसत होते."

त्यांनी बॅटरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. गणपतची मोटार या बॅटरीवर चालू झाली, तर धान्यवाल्याला नाही म्हणेन. नाही झाली, तर पुन्हा हा विषय नको." त्यांचं बोलणं रास्त होतं. मी कबूल केलं.

गणपतला चहा दिला. माझं मन त्या दसऱ्यावर होतं, म्हणून सहज विचारलं, "गणपत, भोकं तीन होती. तीर्थ मधल्यातच काहून ओतलं होतं गा?"

"तोच तहानलेला राहे जी. बाजूच्या दोघायले आठ आठ दिवस पाणी लागे ना. हा रोजचा मागे."

"म्हणजे तीर्थ ओतायच्या आधीपासून?"

"आधीपासूनच तं! म्हणून तं त्याले देलं."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. एकाच मोटारीत, एकाच उन्हात तीन भाऊ शेजारी बसलेत आणि एकच रोज पाणी मागतो, तर तो पीत नाही. तो सांडतोय. आपण त्याला पाणी घालत गेलो आणि तो तेजाब बाहेर टाकत गेला. मग काटा खाली जाणार नाही तर काय होणार? तुम्ही म्हणालात मेला, मी म्हणाले उपाशी. आपण दोघांनी सबंध हिवाळा त्याच्या तोंडात पाहिलं. बूड कुणीच पाहिलं नाही. आणि दुकानातल्या फळ्या कायमच्या ओल्या. एक ओल जास्त असली तर कळणार कसं?

गणपतला थांबवून घेतलं. नवा पापडखार आणला होताच. बॅटरी आडवी न करता दोघांनी उचलली, बूड खाराच्या पाण्यानं धुतलं, पुसलं, वाऱ्यावर कोरडं केलं. स्वयंपाकघरातला कोरडा पाट आणला. तुमच्या बरणीतलं कुंकू त्यावर पातळ पसरलं, चाळणीनं, सगळीकडे सारखं. वर बॅटरी ठेवली आणि सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं सांगितलं.

सकाळी मी उचलण्याआधीच तुमचे दादा धान्यवाल्याला घेऊन हजर. धान्यवाल्यानं दारातून पाहिलं. कुंकवानं भरलेला पाट, त्यावर काळी बॅटरी, समोर मी मांडी घालून बसलेली. त्यानं चपला काढल्या आणि हात जोडले.

"देवस्थान हाये काय जी इथं?"

तुमच्या दादांनी खाकरून घेतलं. "नाही, नाही. ते हिचं, म्हणजे माझ्या भावाचं..."

"मंग तुमचं आवरू द्या आधी. मी मागून येतो," म्हणून तो उलट्या पावली गेला. भाऊजी, तुम्ही असता तर तुमची हसता हसता वाट लागली असती. माझीही लागली. दादांनाही ओठ चावावे लागले.

मग गणपतनं बॅटरी उचलली. पाट लालभडक. आणि बरोबर मधोमध, मधल्या सेलाखाली, बोटभर लांबीची पिवळी रेघ.

गणपत म्हणाला, "हे तं हळद लागली जी."

"बूड तडकलं आहे," मी म्हटलं. "सेल धड आहे. घर फुटकं आहे."

आता घर बदलायचं, तर दुसरं खोकं हवं. आणि ते कुठे मिळणार? मागच्या अंगणात, तुमच्या त्या ढिगात. मेलेल्या बॅटऱ्यांची रिकामी रबरी खोकी तुम्ही वर्षानुवर्षं तिथे रचत होता. मला तिथे वांगी लावायची होती. दर उन्हाळ्यात मी म्हणायची, फेका. दर उन्हाळ्यात तुम्ही म्हणायचात, "लागन कधीतरी." गेल्या संक्रांतीला मी तुम्हाला म्हटलंही होतं, तुमच्यानंतर पहिल्यांदा हा ढीग काढणार. तुम्ही म्हणालात, "माझ्यानंतरच काढाल, म्हणजे मीच जिंकलो."

मी ढिगात वाकले. वाटलं होतं, एकेक खोकं पाणी भरून तपासावं लागेल. पण काही खोक्यांच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबलेला आणि काहींत नाही. एक बोळ्याचं घेतलं, पाणी भरलं, एक थेंब गळला नाही. एक बिनबोळ्याचं घेतलं, पाणी भळकन खाली. म्हणजे तुम्ही सगळी तपासून ठेवली होती आणि धड खोक्यांत किडा-उंदीर शिरू नये म्हणून तोंडं बंद केली होती. बोळा उलगडून पाहिला. धोतर होतं. भोकं पडलेलं. थोडा वेळ मी तिथेच उकिडवी बसले. मग पायाला मुंग्या आल्या म्हणून उठले.

बाकीचं काम तुम्ही शिकवलं तसंच केलं. तापवलेल्या पात्यानं वरचं डांबर खरवडलं, गणपतनं आणि मी प्लेटींचे जुडगे सरळ वर काढले. मधल्या सेलाच्या प्लेटी मी मुद्दाम उन्हात धरून पाहिल्या. तपकिरी त्या तपकिरी, करड्या त्या करड्या, वाकलेली एकही नाही. थोडी पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं होतं, म्हणजे माझंही अगदीच खोटं नव्हतं. उपास घडलाच होता त्याला. नव्या घरात बसवलं, वरून डांबर ओतलं. ओतताना हात थांबवायचा नाही, थांबला की सांधा राहतो, हे तुम्ही इतक्यांदा ओरडला होता की माझा हात थांबायची हिंमतच झाली नाही. तेजाब नरम भरलं, तुमच्या पद्धतीनं. भरायला लावली ती सावकाश, अगदी थोड्या करंटवर, पुष्कळ वेळ, माझ्या पद्धतीनं. तुमचे दादा येता-जाता डायनमोकडे पाहायचे. एकदा त्यांनी आपण होऊन पडदा भिजवला.

मोटारीत बसवायच्या सकाळी दारासमोर गणपतची मोटार उभी. आत उमरेडची सात-आठ माणसं बसलेली, मांडीवर गाठोडी. एक कोष्टी म्हातारा सारखा म्हणत होता, "चालते काय गा आज, का बैल जोडायचे?" बॅटरी खाली पेटीत बसवली, तारा लावल्या. तुमचे दादा कचेरीचा कोट घालून ओट्यावर उभे. गणपतनं देवाचं नाव घेतलं आणि सेल्फ दाबला.

टक्. एवढंच.

पुन्हा दाबला. टक्.

म्हाताऱ्यानं गाठोडं उचललं. दादांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी खोटं कशाला बोलू, भाऊजी, त्या नजरेत मला कीव दिसली. ती मला मुळीच चालली नाही. मी पदर खोचला आणि पेटीत हात घातला. तारेचा चिमटा बोटानं फिरला. ढिला! गणपतनं घाईत नुसता अडकवला होता.

"गणपत, अशी तार लावतात?"

"माणसं खोळंबून राहिले होते जी."

चिमटा काढला, आतून घासून लखलखीत केला, घट्ट आवळला, वर व्हॅसलीन फासलं. "दाब आता."

दाबला आणि मोटार अशी खवळून उठली की गाठोडेवाला म्हातारा परत खाली बसला. गणपतनं बाहेर उडी मारली, दिवे लावून पाहिले, भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला. मग तुमच्या रिकाम्या पाटासमोर येऊन, "भाऊ, चालली!" असं ओरडला आणि निघून गेला. हुडकेश्वराकडच्या वळणापर्यंत भोंगा ऐकू येत होता.

ओट्यावर आम्ही दोघंच राहिलो. तुमच्या दादांनी कोटाची बटणं नीट केली. कचेरीला उशीर होत होता. पायरी उतरता उतरता म्हणाले, "मग धान्यवाल्याला काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, देवस्थान आहे."

ते हसले आणि गेले. संध्याकाळी येताना पापडखाराच्या दोन पुड्या घेऊन आले. एक स्वयंपाकघरात ठेवली आणि दुसरी दुकानात.

तर असा निकाल आहे. मधल्या सेलाच्या भांडणात आपण दोघंही हरलो. ढिगाच्या भांडणात तुम्ही जिंकलात. हे मी इथे एकदा लिहिते आहे, पुन्हा म्हणणार नाही. ढीग आहे तिथेच आहे. वांगी मी परसात दुसरीकडे लावीन. तुमची फाटकी धोतरं चुलीत जाणार होती, ती धुऊन ठेवली आहेत, बोळ्यांना लागतील. उन्हाळा तोंडावर आला आहे, वाळ्याचा पडदा टांगला आहे, दुकान उघडं आहे.

आज गणपत उमरेडहून येताना पाणी तपासून घ्यायला थांबला होता. पाणी तिन्ही सेलांना सारखंच लागलं. मी नळी काढली आणि मधल्यापासून सुरुवात केली. काटा बाराशे चाळीसवर. मग बाजूचे दोन पाहिले. तेही बाराशे चाळीस.

बोला आता.